उपाशी कालवडीचं ग्रोथ हार्मोन वाढतं, कालवड वाढत नाही

विटा भागातल्या एका तरुण पशुपालकानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्याच्या गोठ्यात एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित पाच कालवडी आहेत, शिवाय काही बोकडं आणि माडग्याळ मेंढ्या. कालवडी दीड वर्षाच्या होत आल्या तरी अजून माजावर आलेल्या नाहीत आणि अंगानंही बारीक आहेत. तो स्वतः जिमला जातो. सोळा-अठरा तास उपाशी राहिलं, आर्जिनिनची पावडर घेतली आणि गाढ झोप झाली की शरीरातलं ग्रोथ हार्मोन वाढतं, असं तिथं त्याच्या कानावर आलं. मग हेच कालवडींना लागू होईल का? रात्रीची वैरण बंद करून सकाळी उशिरा खायला घातलं तर त्या वाढीला लागतील का? गावात एक माणूस ‘ग्रोथचं इंजेक्शन’ विकायला येतो, ते द्यावं का? रक्त तपासून हार्मोन कमी आहे की नाही ते कळेल का? आणि शेवटी एक ओळ, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: धाकटा भाऊ चौदा वर्षांचा आहे, वर्गात सगळ्यात बुटका, त्याला ही पावडर चालेल का?

भाऊ, एवढा विचार करून विचारलंत याचा आनंद वाटला. बहुतेक जण आधी इंजेक्शन टोचतात आणि मग विचारतात. मी सांगली-सातारा पट्ट्यात गुरांची प्रॅक्टिस करतो, कृष्णाकाठची ऊसवाली गावंही पाहतो आणि आटपाडी-माणकडची दुष्काळी गावंही. कालवड वाढत नाही ही तक्रार दोन्हीकडं असते, कारणं मात्र वेगळी निघतात. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

तातडीचं आधी सांगतो: रात्रीची वैरण बंद करू नका. केली असेल तर आज संध्याकाळपासून सुरू करा.

आता त्यामागचं कारण. तुमच्या प्रश्नात दोन गृहीतं दडलेली आहेत. एक म्हणजे, माणसात ज्या गोष्टीनं हे हार्मोन वाढतं तिनं ते गुरातही वाढेल. दुसरं म्हणजे, हार्मोन वाढलं की जनावर वाढेल. पहिलं काही बाबतीत खरं आहे, काही बाबतीत साफ उलटं. दुसरं गृहीत जास्त घातक आहे, आणि तुमच्या कालवडींचं नुकसान त्यानंच होईल.

ग्रोथ हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून सुटतं. ते किती आणि कधी सोडायचं हे वरचा हायपोथॅलॅमस ठरवतो. तिथून दोन निरोप येतात. एक सोडायला लावणारा, त्याला जीएचआरएच म्हणतात, आणि दुसरा थांबवणारा, सोमॅटोस्टॅटिन. पोटातून घ्रेलिन नावाचं तिसरं हार्मोन येतं, तेही सोडायला लावतं. पिट्युटरीतून निघालेलं ग्रोथ हार्मोन यकृतावर जाऊन काम करतं आणि यकृत आयजीएफ-१ नावाचा पदार्थ तयार करतं. हाडं आणि स्नायू वाढवण्याचं बरंचसं काम हा आयजीएफ-१ करतो. तोच पुन्हा मेंदूकडं आणि पिट्युटरीकडं जाऊन ‘पुरे झालं’ असं सांगतो.

हे सगळं कळायला जनावरांचीच मदत झाली. सोमॅटोस्टॅटिन १९७३ साली रोझे गियमाँ यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून वेगळं केलं गेलं. त्याच सुमारास अँड्र्यू शाली हे डुकरांच्या मेंदूवर असंच काम करत होते. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात हे दोघेही होते. जीएचआरएच मात्र मेंदूत सापडता सापडेना. ते १९८२ साली सापडलं, तेही माणसाच्या स्वादुपिंडातल्या गाठीत. ती गाठ हा पदार्थ इतका तयार करत होती की रुग्णाचे हातपाय आणि चेहरा वाढत चालले होते. घ्रेलिन तर १९९९ साली, जपानी शास्त्रज्ञांना उंदराच्या जठरात मिळालं. मेंढी, माणूस, उंदीर अशा वेगवेगळ्या जिवांतून ही साखळी जोडली गेली. म्हणून पुस्तकात ती एका आकृतीत दिसते आणि वाचणाऱ्याला वाटतं, सगळीकडं हे असंच चालत असणार.

घटक बहुतेक तेच आहेत. सोमॅटोस्टॅटिनचा चौदा अमिनो आम्लांचा छोटा रेणू तर माणूस, मेंढी, डुक्कर, उंदीर सगळ्यांत अगदी एकसारखा आहे. फरक आहे तो कोणत्या प्रसंगी कोणता निरोप जोरात जातो यात. आणि तो फरक त्या प्राण्याचं पोट कसं चालतं, तो कसा झोपतो, केव्हा खातो यावर ठरतो.

उपवासाचंच घ्या. माणूस उपाशी राहिला की ग्रोथ हार्मोनचे झटके वाढतात, हे खरं आहे. तुमच्या जिममध्ये सांगितलेली गोष्ट इथपर्यंत बरोबर. पांढऱ्या उंदराला उपाशी ठेवलं तर उलट होतं, झटके दबतात. रक्तातली साखर एकदम खाली आणली तर माणसात हे हार्मोन उसळतं. डॉक्टर इन्सुलिन देऊन हीच तपासणी करतात. उंदरात मात्र साखर पडली की हार्मोनही पडतं. भीती आणि ताणाचंही तसंच, माणसात वाढतं, उंदरात घटतं. म्हणजे प्रयोगशाळेत ज्या प्राण्यावर सर्वांत जास्त अभ्यास झाला तोच या बाबतीत माणसाच्या विरुद्ध दिशेला उभा आहे. उंदरावरचा निष्कर्ष वाचून माणसाला सल्ला देणारे आणि माणसाचा वाचून गाईला सल्ला देणारे, दोघंही इथं फसतात.

मग गाय कुठं बसते? उपासमारीच्या बाबतीत गाय, मेंढी आणि शेळी माणसाच्या बाजूला आहेत. चारा कमी पडला की त्यांच्याही रक्तात ग्रोथ हार्मोन वाढतं. तुम्ही म्हणाल, मग माझं म्हणणं बरोबरच की. इथंच थांबायला हवं.

उपासात हे हार्मोन वाढतं ते वाढीसाठी नाही. शरीरातली चरबी मोकळी करून ती इंधन म्हणून वापरायची आणि स्नायूंची झीज जमेल तेवढी रोखायची, हे त्याचं त्या वेळचं काम असतं. त्याच वेळी यकृत त्या हार्मोनला दाद देईनासं होतं. यकृतावर ते पकडणारे रिसेप्टर कमी होतात, आयजीएफ-१ तयार होत नाही, आणि आयजीएफ-१ खाली गेल्यामुळं ‘पुरे झालं’ हा निरोपही मेंदूकडं जात नाही. म्हणून वरून हार्मोन येतच राहतं. विहीर कोरडी असताना मोटार चालू ठेवल्यासारखं आहे हे. स्टार्टरचा दिवा लागलेला, मोटारीचा आवाज येतोय, पाटात पाणी मात्र नाही. रक्तात ग्रोथ हार्मोन जास्त आणि आयजीएफ-१ कमी, हे उपाशी गुराचं लक्षण आहे. माणसातही तेच होतं, फक्त जिममध्ये ते सांगितलं जात नाही.

याचा पुरावा तुमच्या गोठ्यातच असेल. नुकती व्यालेली चांगल्या दुधाची एचएफ गाय आठवा. पहिले काही आठवडे ती जेवढं खाते त्यापेक्षा जास्त दुधातून देते. त्या काळात तिच्या रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर असतं आणि आयजीएफ-१ तळाला गेलेलं असतं. ती वाढते का? नाही. माकडहाड वर येतं, बरगड्या मोजता येतात. अंगावरची चरबी काढून कासेकडं वळवणं हेच ते हार्मोन तेव्हा करत असतं. निसर्गानं ही सोय वासरासाठी केली आहे. वाढत्या कालवडीला उपाशी ठेवून हीच अवस्था तिच्यावर लादली तर तिचं शरीर स्वतःलाच खाऊ लागेल.

कोंबडीचं उदाहरण तर अगदी स्पष्ट आहे. कोंबड्यांमध्ये एक ठेंगणी जात असते, ज्यात ग्रोथ हार्मोन पकडणारा रिसेप्टरच बिघडलेला असतो. तिच्या रक्तात हार्मोन जास्त सापडतं, आयजीएफ-१ कमी, आणि कोंबडी ठेंगणीच राहते. माणसातही असाच विकार आहे. इस्रायलचे झ्वी लॅरॉन यांनी १९६६ साली त्याचं वर्णन केलं. अशी मुलं हार्मोन भरपूर असून बुटकी राहतात.

आतापर्यंत एवढं लक्षात ठेवा: रक्तातल्या हार्मोनचा आकडा वर गेला म्हणून जनावर वाढत नाही. यकृतानं आणि हाडामांसानं त्याला प्रतिसाद दिला तर ते वाढतं, आणि हा प्रतिसाद खाण्यावर अवलंबून असतो.

झोपेचं सांगतो. माणसात, विशेषतः मुलांत, झोप लागल्यावर पहिल्या गाढ टप्प्यात ग्रोथ हार्मोनचा दिवसातला सर्वांत मोठा झटका येतो. गाय चोवीस तासांत जेमतेम चार तास झोपते, तेही तुकड्यातुकड्यांनी. बाकी वेळ पेंगत रवंथ करते. तिच्यात हार्मोनचे झटके दिवसरात्र पसरलेले असतात, एका गाढ झोपेला बांधलेले नसतात. नर उंदरात ते जवळजवळ घड्याळ लावल्यासारखे येतात, दर साडेतीन तासांच्या आसपास, आणि मादीत तेच अनियमित आणि सौम्य. म्हणून कालवडीला ‘गाढ झोप’ मिळावी म्हणून गोठ्यात अंधार करण्यात अर्थ नाही. उलट गुरांत दिवस मोठा केला, म्हणजे सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार ठेवला, तर आयजीएफ-१ वाढतं आणि दुभत्या गाई थोडं जास्त दूध देतात असं दिसलं आहे. गंमत अशी की त्यात ग्रोथ हार्मोन वाढलेलं नसतं. तरीही आपल्या गोठ्यात दिव्याच्या बिलाआधी वैरणीचा हिशेब करा.

आर्जिनिन. माणसाला ते शिरेतून दिलं की सोमॅटोस्टॅटिन दबतं आणि ग्रोथ हार्मोन उसळतं. दवाखान्यात तपासणीसाठी ते असंच वापरतात. पण कालवडीच्या तोंडातून दिलेली पावडर आधी रुमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात पडते. तिथले सूक्ष्मजीव ती फोडून अमोनिया करतात. जिमचा महागडा डबा गुराच्या पोटात गेल्यावर त्याची किंमत चिमूटभर युरियाएवढीच उरते. ज्याला चार कप्प्यांचं पोट आहे त्याला एका कप्प्याच्या पोटाचे उपाय लागू पडत नाहीत. साखरेचंही तसंच. आपण भात-भाकरी खातो, साखर वर जाते आणि ग्रोथ हार्मोन दबतं. गाईच्या पोटात पिष्टाची साखर होऊन थेट रक्तात फारशी जातच नाही. रुमेनमध्ये आम्लं तयार होतात, त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत साखर बनवतं. मोठ्या गाईची रक्तातली साखर मुळातच आपल्यापेक्षा कमी असते. तिच्या मेंदूला ‘जेवण झालं’ ही खबर साखरेपेक्षा या आम्लांकडून जास्त मिळते. म्हणून गूळपाणी पाजून किंवा न पाजून तिच्या हार्मोनवर राज्य करता येत नाही.

विटा भागात पोल्ट्री आहेत म्हणून त्यांच्याबद्दलही दोन शब्द. पक्ष्यांत थायरॉइडला चालना देणारा मेंदूतला निरोप, टीआरएच, ग्रोथ हार्मोनही जोरात सोडतो, विशेषतः पिल्लाच्या वयात. गाईतही टीआरएचनं ते वाढतं. निरोगी माणसात सहसा वाढत नाही. घ्रेलिन माणसात आणि उंदरात भूक लावतं, पण कोंबडीच्या पिल्लाच्या मेंदूत दिलं तर ते खाणं कमी करतं, ग्रोथ हार्मोन मात्र तरीही वाढवतं. आणि हे ऐका, कारण रविवारी मटणाऐवजी चिकन आणणारे अनेक जण घाबरून विचारतात: ब्रॉयलर हार्मोनची इंजेक्शनं देऊन वाढवत नाहीत. सुदृढ पिल्लाला ग्रोथ हार्मोन टोचलं तरी त्याची वाढ फारशी वाढत नाही, आणि हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचणं कुणाला परवडणारही नाही. ब्रॉयलर पटापट वाढतो तो पिढ्यानपिढ्या केलेली निवड आणि नेमकं खाद्य यामुळं.

मासे आणखी वेगळे. गोल्डफिश आणि कार्प यांच्यात प्रजननाचा निरोप, जीएनआरएच, ग्रोथ हार्मोनही सोडतो आणि डोपामिनही ते वाढवतं. रोहू-कटल्याचं बीज काढणारे ओव्हाप्रिम वापरतात. त्यात जीएनआरएचसारखा रेणू असतो आणि सोबत डोपामिनला अडवणारं औषध. कारण त्याच माशात डोपामिन अंडी सुटायला लावणाऱ्या हार्मोनला दाबून ठेवतं. एकच डोपामिन, एका हार्मोनला वाढवतं आणि दुसऱ्याला दाबतं. गाईच्या डॉक्टरला यातून एकच शिकायचं असतं, की एका प्राण्याचं औषध दुसऱ्याला देताना आधी त्या प्राण्याचा अभ्यास करावा.

कुत्र्यांबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण यात मी लोकांना नुकसान सोसताना पाहिलं आहे. कुत्री माजावर येऊ नये म्हणून तिला प्रोजेस्टेरॉनच्या जातीची इंजेक्शनं देत राहण्याची पद्धत अजून गेलेली नाही. माझ्याकडं अशी एक मध्यमवयीन कुत्री आली होती. तिचा चेहरा आणि पंजे जाडजूड झालेले, दातांमध्ये फटी पडलेल्या, झोपेत घोरायची आणि पाणी सारखं प्यायची. मालकाला वाटत होतं ती छान भरली आहे. तपासलं तर मधुमेह निघाला. कुत्रीत एक अशी व्यवस्था आहे जी गाईत किंवा माणसात या रूपात दिसत नाही. प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखाली तिची कासच ग्रोथ हार्मोन तयार करून रक्तात सोडते. १९९४ साली हे सिद्ध झालं. पिट्युटरी बाजूलाच राहते, त्यामुळं सोमॅटोस्टॅटिनचा लगामही तिथं चालत नाही. इंजेक्शन बंद केलं आणि गर्भाशय-अंडाशय काढलं की हार्मोन उतरतं. मऊ भाग बराच ओसरतो, पण वाढलेलं हाड मागं जात नाही. ज्यांच्या घरी कुत्री आहे त्यांनी शस्त्रक्रिया करून घ्यावी, इंजेक्शनच्या नादी लागू नये. कुत्र्याचं आणि डुकराचं ग्रोथ हार्मोन अगदी सारखं असतं, हेही जाता जाता सांगतो. म्हणूनच हार्मोन कमी असलेल्या कुत्र्यांना डुकराचं दिलं जातं.

यावरून तुमच्या इंजेक्शनवाल्याकडं येऊ. खरंखुरं गाईचं ग्रोथ हार्मोन, प्रयोगशाळेत बनवलेलं, जगात आहे. त्याला बीएसटी म्हणतात. अमेरिकेनं १९९३ साली ते मंजूर केलं, युरोपीय संघानं आणि कॅनडानं नाकारलं. अमेरिकेत ते दर चौदा दिवसांनी दुभत्या गाईला देतात, दुधासाठी, कालवडीच्या वाढीसाठी नाही. ज्या गाईला पोटभर, तोलून-मापून खाद्य आहे तिचंच दूध त्यानं वाढतं. उपाशी गाईत ते काही करू शकत नाही, कारण वर सांगितलं तेच, यकृत दाद देत नाही. शिवाय ते दिलेल्या गाईंत कासदाहाचं प्रमाण वाढतं, आणि कॅनडानं ते नाकारलं ते गाईंच्याच आरोग्याकडं पाहून. तुमच्या गावात येणाऱ्या माणसाच्या बाटलीत काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. ज्या बाटलीवर औषधाचं नाव, बॅच आणि मुदत नाही ती गोठ्याच्या दारात येऊ देऊ नका. पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणारेही ‘ताकदीचं’ म्हणून विकतात. त्यानं कासेत असलेलं दूध उतरतं, नवं तयार होत नाही, आणि वाढीशी तर त्याचा संबंधच नाही.

गाईचं हार्मोन दुधातून आपल्या अंगात शिरेल का, असंही लोक विचारतात. एक तर ते प्रथिन आहे, पोटात पचून जातं. आणि टोचलं तरी माणसाच्या रिसेप्टरवर गाईचं हार्मोन बसत नाही. १९५० च्या दशकात गाईचं हार्मोन बुटक्या मुलांना देऊन पाहिलं होतं, उपयोग झाला नाही. मग १९५८ साली मॉरिस रेबेन यांनी माणसाच्याच पिट्युटरीतून काढलेलं दिलं आणि मूल वाढलं. माणसाचं हार्मोन गुरात चालतं, गुराचं माणसात चालत नाही.

रक्ततपासणी करू नका. ग्रोथ हार्मोन झटक्यानं येतं आणि पाऊण-एक तासात बरंचसं ओसरतं. एका नमुन्यात शून्याजवळचा आकडा आला काय किंवा मोठा आला काय, त्यावरून काहीच ठरत नाही. आणि उपाशी कालवडीत तो जास्तच येईल, मग तुम्ही म्हणाल हार्मोन भरपूर आहे. त्या पैशात तीन गोष्टी करा: शेणाची तपासणी, खनिज मिश्रण आणि एक शिवणकामाची टेप.

टेपनं वजन काढा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात घ्या, तिनं गुणा आणि ६६० नं भागा. किलो येतात. घेर ५६ आणि लांबी ५० असेल तर साधारण २३८ किलो. एचएफ संकरित कालवड रेतनासाठी २५० ते २७५ किलोची हवी. ती माजावर येते ते वयावर नाही, वजनावर. प्रौढ वजनाच्या साधारण निम्म्याच्या आसपास पोहोचली की यंत्रणा जागी होते. तुमच्या कालवडी दीड वर्षात १८० किलोच असतील तर माज न येणं हा आजार नाही, तो भुकेचा हिशेब आहे. दर पंधरा दिवसांनी त्याच वेळेला, त्याच माणसानं मोजा आणि लिहून ठेवा. रोज पाचशे ग्रॅमच्या आसपास वाढ दिसायला हवी.

एखादी कालवड जुळ्यात जन्मली असेल आणि तिच्यासोबत गोऱ्हा असेल, तर मात्र तिला वेगळी काढा. अशा दहातल्या नऊ कालवडी वांझ असतात. तिच्यावर खाद्य घालत बसू नका.

आता वैरण. तुम्ही लिहिलं नाही, पण विटा-खानापूर भागात पाणी आल्यापासून ऊस वाढला आहे, आणि गळीत हंगामात गोठ्यात उसाचं वाडं पडतं. वाड्यानं पोट भरतं, जनावर खातंही आवडीनं. पण त्यात प्रथिनं पाच-सहा टक्क्यांच्या आसपास, आणि वाढत्या कालवडीला एकूण आहारात बारा ते चौदा टक्के लागतात. शिवाय वाड्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. हंगामभर फक्त वाड्यावर ठेवलेल्या कालवडी मला लांबूनच ओळखू येतात. पोट मोठं, पाठ उभी धारदार, केस खरखरीत, उंची थांबलेली. मालक म्हणतो, डॉक्टर, भरपूर खाते हो. खाते, पण आयजीएफ-१ तयार व्हायला प्रथिन आणि ऊर्जा दोन्ही लागतात. नुसत्या भरल्या पोटानं यकृत फसत नाही.

वाडं बंद करा असं मी म्हणत नाही, ते स्वस्त आहे. अर्ध्यावर आणा. सोबत लसूणघास (म्हणजेच मेथीघास) द्या, मक्याचा मुरघास असेल तर उत्तम, आणि अठरा टक्क्यांच्या आसपास प्रथिन असलेलं खाद्य दीड ते दोन किलो, दोन वेळेत वाटून. रोज तीस-चाळीस ग्रॅम खनिज मिश्रण आणि मीठ. एकदम बदलू नका, दहा दिवस घ्या, नाहीतर रुमेन बिघडेल. तुमच्याकडं काय उपलब्ध आहे, दुधाचा पैसा किती येतो, कालवडी विकायच्या की ठेवायच्या यावर हे प्रमाण बदलेल. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आहार बसवून मिळेल, विचारा.

खाद्याआधी शेण तपासा. नदीकाठी, पाणथळ कुरणात चरणाऱ्या गुरांत यकृतातली चपटी कृमी सापडते. यकृतच पोखरलेलं असेल तर हार्मोनला उत्तर कोण देणार? दर वेळी त्याच गोळीचं जंतनाशक देऊन हे जात नाही, कारण प्रत्येक औषध प्रत्येक कृमीवर चालत नाही. मेंढ्यांत रक्त पिणारा गोल जंत पावसाळ्यात जास्त. त्यांच्या डोळ्याची आतली पापणी उलटून पाहा, पांढरी पडली असेल तर थांबू नका. गोचीड हे तिसरं. गोचिडांनी भरलेली कालवड कितीही चारली तरी ती तुमचं खाद्य गोचिडांनाच पाजते.

चार-सहा आठवडे नीट खायला मिळालं की तिचं आयजीएफ-१ हळूहळू वर येतं आणि ग्रोथ हार्मोनचा वाढलेला आकडा आपोआप उतरतो. तेव्हाच टेपवर आकडा हलायला लागतो. वाढणाऱ्या कालवडीच्या रक्तात तुम्हाला हवं होतं त्याच्या उलट दिसतं.

बोकडांना आणि माडग्याळ मेंढ्यांनाही हेच लागू. आटपाडी-जतकडं उन्हाळ्यात त्यांना जे चरायला मिळतं त्यात काही आठवडे नुसतं टिकून राहणंच होतं, आणि ही जनावरं त्यासाठीच घडलेली आहेत. पहिला पाऊस पडल्यावर ती झपाट्यानं भरून निघतात. कोकरू मात्र जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक प्यायलंच पाहिजे. तिथं राहिलेली कसर पुढं पूर्ण भरून निघत नाही.

आता धाकट्या भावाबद्दल. मी गुरांचा डॉक्टर आहे, माणसाच्या मुलाला औषध सांगणं माझं काम नाही, पण गप्प बसणंही बरं वाटत नाही. पावडर देऊ नका आणि उपास तर अजिबात करू देऊ नका. वाढत्या मुलाला उपाशी ठेवलं तर कालवडीचं जे होतं तेच त्याचं होईल. त्याला मिरज, सांगली किंवा पुण्याला मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडं न्या. शाळेतल्या जुन्या उंचीच्या नोंदी असतील तर सोबत घ्या, आईवडिलांची उंची लिहून घ्या. ते आधी हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतील, थायरॉइड आणि सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळं आतड्याला होणारा आजार, तपासतील. अनेक मुलं उशिरा वाढणारी असतात आणि त्यांना काहीच लागत नाही. गरज वाटली तर क्लोनिडिनची गोळी देऊन ठरावीक वेळानं बरेच नमुने घेतील, एका नमुन्यावर माणसातही कुणी निदान करत नाही. कुत्र्यात हीच तपासणी आम्ही झायलेझिननं करतो, दोन्ही औषधं एकाच घराण्यातली. हार्मोन खरंच कमी असेल तर १९८५ पासून प्रयोगशाळेत बनवलेलं माणसाचं ग्रोथ हार्मोन मिळतं आणि वेळेत दिलं तर चांगलं काम करतं. फक्त हाडांची टोकं जुळायच्या आत जायला हवं. चौदा वर्षं म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. कालवडींचं आपण टेपवर पाहू, भावाची तारीख याच आठवड्यात घ्या.